डांबर संपल्यावर: नागपुरात ड्युअल-स्पोर्ट गाडीला काय लावावं, काय लावू नये (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रविवारी सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर गाडी उभी केली की दोन-चार जण भोवती जमतात आणि तेच ते प्रश्न येतात. मी मेकॅनिक नाही. पाच वर्षं रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ चालवली, आता हिरोची एक्सपल्स चालवतो. दोन्ही गाड्यांवर पैसे उधळून झाले, त्यातले निम्मे वाया गेले. उत्तरं त्या अनुभवातून आली आहेत. नागपूरचं ऊन, काळी माती आणि पांदण रस्ते डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. कोकणात किंवा लडाखात चालवणाऱ्याला यातलं बरंच वेगळं वाटेल.

ड्युअल-स्पोर्ट म्हणजे नक्की कोणती गाडी?

नंबरप्लेट लावून रोज ऑफिसला नेता येते आणि डांबर संपल्यावरही थांबत नाही, ती. पुढचं चाक मोठं, बहुतेक २१ इंची. मागचं १७ किंवा १८ इंची. सळ्यांची चाकं, जमिनीपासून दोनशे मिमीच्या वर उंची आणि लांब शॉकअप. आपल्याकडे २०११ मध्ये हिरोनं इम्पल्स आणली तेव्हा घेणारे फार नव्हते. २०१६ मध्ये हिमालयन आली, २०१९ मध्ये एक्सपल्स २००, आणि मग चित्र पालटलं. आता हिमालयन ४५०, एक्सपल्स २१०, केटीएम ३९० एन्ड्युरो आर, कावासाकी केएलएक्स २३० अशी रांगच आहे. उंच हँडल आणि चोच (हेडलाईटखाली पुढे आलेलं मडगार्ड) असलेल्या बऱ्याच गाड्या मात्र हायवेसाठी बनलेल्या असतात. पुढचं चाक १९ इंची किंवा मिश्रधातूचं असेल तर मुरमापर्यंत ठीक, गोट्यांच्या नाल्यात जपून.

नवी गाडी घेतली. सगळ्यात आधी काय बदलू?

पहिले दोन-तीन हजार किमी काहीच बदलू नका. खरंच. शोरूममधून निघतानाच लेगगार्ड, लाईट, पेट्या, विंडस्क्रीन असं सगळं लावून घेणारे सहा महिन्यांनी त्यातलं अर्धं काढून ठेवताना पाहिले आहेत. आधी चालवा आणि कुठे अडतं ते बघा. उभं राहून चालवताना पाठ दुखते का? दगड इंजिनखाली आपटतो का? चिखलात पुढचं चाक पळतं का? ज्याचं उत्तर "हो" येईल, त्यावर पहिला पैसा खर्च करा.

तरी क्रम हवाच असेल तर माझा असा आहे: टायर, इंजिनखालची बॅशप्लेट आणि हँडगार्ड, मग हँडल-फुटरेस्ट, मग शॉकअप. लाईट गरजेपुरते. सायलेन्सर या यादीत कुठेच नाही. का, ते पुढे येईल.

कोणते टायर घ्यावेत?

इथे जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण बाकी सगळ्या सामानानं मिळून जितका फरक पडत नाही तितका टायरनं पडतो.

नागपूरच्या पश्चिमेला काटोल, कोंढाळी, हिंगण्याकडे गेलात की काळा पाषाण आणि त्यावर बसलेली काळी कसदार माती. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसानंतर तीच माती लोण्यासारखी होते आणि चाकाला असा थर चढवते की टायरची नक्षीच दिसेनाशी होते. उलट रामटेक-पारशिवनीकडे मुरूम, रेती, गोटे. म्हणजे एकाच रविवारी शहराच्या दोन बाजूंना दोन वेगळे टायर लागावेत अशी परिस्थिती.

विकणारे टायरची वर्गवारी ५०-५०, ७०-३० अशी सांगतात: इतका रस्त्यासाठी, इतका मातीसाठी. हा ढोबळ अंदाज आहे, मोजमाप नव्हे. आठवड्याचे पाच दिवस वर्धा रोडनं ऑफिस आणि महिन्यातून दोनदा पांदण, असं असेल तर ५०-५० च्या पलीकडे जाऊ नका. रबराच्या मोठ्या, उठावदार गठ्ठ्यांचा टायर सिमेंटच्या रस्त्यावर गुणगुणतो, लवकर झिजतो आणि पावसात ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर घसरतो. नागपुरात सिमेंट रस्ते किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

चिखलासाठी गठ्ठ्यांमधली जागा बघा. गठ्ठे दाट असतील तर काळी माती अडकून बसते. मोकळे असतील तर चाक फिरताना ती बाहेर फेकली जाते. दुकानात टायर हातात घेऊन दोन बोटं मध्ये घालून पाहायची, एवढंच.

माप मात्र गाडीच्या पुस्तिकेतलंच ठेवा. एक्सपल्स २०० ला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८. हिमालयन ४११ ला पुढे तेच, मागे १२०/९०-१७. मागे जाड टायर रुबाबदार दिसतो, पण गाडी वळायला आळशी होते आणि शॉकअप पूर्ण दबला की तो चेनला किंवा मडगार्डला घासतो.

हवा किती ठेवायची?

रस्त्यावर पुस्तिकेत लिहिली तेवढी. मातीवर उतरताना ती कमी करतात, म्हणजे टायर जमिनीवर पसरतो आणि पकड वाढते. ट्यूबवाल्या चाकात मी २० पीएसआयच्या खाली जात नाही. त्याखाली गेलं की दगडावर रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते आणि सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पारशिवनीच्या पुढे घोगरा महादेवाच्या वाटेवर हे माझं दोनदा झालं आहे. दुसऱ्यांदा पंप घरी राहिला होता.

हवा थंड टायरमध्येच मोजा. टायर दहा अंशांनी तापला की दाब साधारण एक ते दीड पीएसआय वाढतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता हवा मोजून "जास्त आहे" म्हणून काढली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चाकात हवा कमी सापडेल.

पावसाळ्यात पुढचं चाक जामच होतं. काय करू?

मडगार्ड टायरला जवळ असेल तर काळी माती मध्ये ठासते आणि चाक अक्षरशः फिरायचं थांबतं. हिमालयन ४११ ला खालचं मडगार्ड आणि वरची चोच, दोन्ही असतात. पावसाळ्यापुरतं खालचं काढून ठेवणारे बरेच आहेत. त्याची किंमत अशी, की चाकानं उडवलेला चिखल थेट इंजिनवर आणि पुढच्या ऑइल कूलरवर जाऊन बसतो. कूलरच्या पात्यांत माती सुकली की इंजिन तापतं. म्हणून फेरीनंतर पाण्याच्या साध्या धारेनं तो भाग धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पाती वाकतात.

मडगार्ड दोन-तीन बोटं वर उचलून देणारे स्पेसर मिळतात. स्वस्त आणि कामाचे. तरीही काळ्या चिकणमातीत, जुलैच्या झडीत, ताज्या नांगरलेल्या वावराच्या धुऱ्यावरून जायचंच असेल तर कुठलाही पार्ट वाचवत नाही. तिथे माती खरवडायला एक लाकडी काडीच कामाची.

बॅशप्लेट ॲल्युमिनियमची की लोखंडाची?

ॲल्युमिनियमची, चार मिमीच्या आसपास जाडीची. लोखंडी मजबूत असते, पण जड, आणि एकदा वाकली की इंजिनला टेकून बसते. जाडीपेक्षाही ती कशाला बांधली आहे हे महत्त्वाचं. चेसिसला बांधलेली हवी. इंजिनच्या बोल्टांवरच लटकवलेली असेल तर दगडाचा मार थेट इंजिनच्या खोक्यावर जातो. मग ती लावली काय नि न लावली काय.

दुसरी गोष्ट मी स्वतः चुकलो ती. घेतलेल्या प्लेटला ऑइल काढायच्या बोल्टाखाली भोकच नव्हतं. दर वेळी ऑइल बदलताना सहा बोल्ट काढून प्लेट उतरवायची. दोन वेळा केलं, तिसऱ्यांदा लेथवाल्याकडून भोक पाडून घेतलं. घेण्याआधी प्लेट उलटी करून बघा.

उन्हाळ्यात प्लेट आणि इंजिन यांच्यामधली वाळलेली माती काढायला विसरू नका. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ती गोधडी पांघरल्यासारखी होते. आणि हो, ॲल्युमिनियमच्या प्लेटमुळे इंजिनचा आवाज मोठा ऐकू येतो. नवी प्लेट लावली की "इंजिनमध्ये काहीतरी वाजतंय" म्हणून फोन येतो, तो बहुधा याच कारणानं.

लेगगार्ड आणि हँडगार्ड लागतात का?

हँडगार्ड लागतातच. झुडपांच्या फांद्या, बाभळीचे काटे आणि गाडी आडवी पडल्यावर क्लच-ब्रेकचे दांडे वाचवायला. मात्र आत धातूची पट्टी असलेले आणि दोन्ही टोकांना बांधलेले घ्या. एकाच टोकाला अडकवलेले प्लॅस्टिकचे फक्त वाऱ्यापासून वाचवतात. हिवाळ्यात सकाळी सहाला निघणाऱ्यांना तेवढंही चालतं म्हणा.

लेगगार्डचं जरा जपून. भारीभक्कम गार्ड एकाच ठिकाणी चेसिसला जोडलेला असेल तर जोरात पडल्यावर गार्ड वाकत नाही, चेसिसची जोडणी वाकते. तीन-चार ठिकाणी बांधलेला, पातळ नळीचा गार्ड बरा. एक्सट्रा दांडा म्हणजे एक्सट्रा वजन, हे प्रत्येक पार्टच्या वेळी मनात धरा. एक्सपल्स २०० ही १६० किलोच्या आतली गाडी आहे. तिला गार्ड, पेट्या, स्टँड लावून लोक हिमालयनच्या वजनाला नेतात आणि मग पिकअप नाही म्हणून तक्रार करतात.

उभं राहून चालवताना पाठ भरून येते.

हँडल बुटकं पडतंय. हँडलखाली बसवायचे रायझर २०-३० मिमीचे मिळतात. लावल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, ब्रेकचा पाइप, यातलं काहीही ताणलं जात असेल तर उंची कमी करा. हँडल वळवल्यावर इंजिनचा आवाज आपोआप वाढला तर केबल ओढली जातेय असं समजा.

फुटरेस्टही रुंद करून घ्या. रबर काढून दातेरी भाग उघडा केला तरी चिखलाचा बूट सटकत नाही. माझ्या मते सगळ्यात कमी खर्चात फरक पाडणारी हीच एक गोष्ट, आणि ती बऱ्याच गाड्यांत फुकट आहे, कारण रबर दोन बोल्टांनीच बसवलेलं असतं.

शॉकअप बदलू की ॲडजस्ट करू?

आधी ॲडजस्ट करा. बहुतेक जणांनी मागच्या शॉकअपची स्प्रिंग दाबणाऱ्या चकतीला गाडी घेतल्यापासून हातही लावलेला नसतो.

सोपी रीत सांगतो. गाडी मागून उचलून चाक हवेत ठेवा. चाकाच्या आसापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या बोल्टापर्यंतचं अंतर टेपनं मोजा. मग गाडी खाली ठेवा, बूट-हेल्मेट-बॅगेसह गाडीवर बसा आणि दुसऱ्यानं तेच अंतर पुन्हा मोजावं. दोन मापांतला फरक म्हणजे तुमच्या वजनानं शॉकअप किती बसला. तो एकूण हालचालीच्या साधारण तीस टक्के हवा. हिमालयन ४५० ला पुढे-मागे २०० मिमी हालचाल आहे, म्हणजे साठच्या आसपास. एक्सपल्स २०० ला मागे १७० मिमी, म्हणजे पन्नासच्या आसपास. जास्त बसत असेल तर चकती घट्ट करा.

चकती पूर्ण घट्ट करूनही फरक जास्तच राहिला तर तुमच्या वजनाला स्प्रिंग मऊ आहे आणि ती बदलावी लागेल. चकती घट्ट केल्यानं स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर उचलली जाते. बरेच मेस्त्रीसुद्धा इथे गल्लत करतात. पुढे फोर्कमध्ये (पुढच्या शॉकअपच्या नळ्यांत) कडक स्प्रिंग आणि थोडं जाड ऑइल टाकणं हा मध्यम खर्चाचा उपाय आहे.

एक्सपल्ससाठी कंपनीनंच २०२० मध्ये रॅली किट काढलं होतं, किंमत ३८ हजार. पुढे २५० मिमी आणि मागे २२० मिमी हालचाल. गाडी इतकी उंच होते की सिग्नलला पाय टेकवणं हाच एक खेळ होतो. स्पर्धा करणाऱ्यांसाठी ठीक. शंकरनगर चौकात रोज थांबणाऱ्यानं विचार करावा.

माझी उंची कमी आहे, पाय टेकत नाहीत. गाडी खाली करता येईल?

मागच्या शॉकअपला जोडणारी लिंक बदलून गाडी खाली बसवतात, पण मग पुढचा भाग वर आणि मागचा खाली राहतो. वळणं बिघडतात आणि साइड स्टँड लांब पडून गाडी पलीकडे कलंडते. त्यापेक्षा सीटचा फोम आधी कापून बघा. शहरातल्या चांगल्या सीटवाल्याकडे दोन तासांचं काम. कडेचा फोम तिरका उतरवला तरी पाय बराच खाली जातो. आणि दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत असं नाही. एक पाय टेकला आणि दुसरा ब्रेकवर असला की पुरे. सवयीचा भाग आहे.

चढावर दम लागतो. स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदलू का?

स्वस्तात मस्त बदल, पण हिशेब करून. समजा पुढे १५ दाते आणि मागे ३८ असतील तर गुणोत्तर २.५३ होतं. पुढचा एक दाता कमी करून १४ केले की २.७१. म्हणजे त्याच वेगाला इंजिन साधारण सात टक्के जास्त फिरणार. चिखलदऱ्याच्या घाटात आणि गोट्यांच्या चढावर सुख, पण जबलपूर हायवेवर ऐंशीच्या पुढे हातात झिणझिण्या आणि पेट्रोल जास्त. मागे दोन दाते वाढवून ४० केले तर फरक पाच टक्के. हलका बदल हवा असेल तर तो करा. पुढचं स्प्रॉकेट फार लहान केलं की चेन तीव्र वळसा घेते आणि लवकर झिजते.

बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच घ्या. जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट म्हणजे दोन्हींचा नाश.

जास्तीचे लाईट किती वॅटचे लावू?

रात्री गाडी किती वेळा गावाबाहेर असते त्यावर. मी २० वॅटचे दोन लावले आहेत आणि पुरतात. वॅटला बाराने भागा म्हणजे अँपिअर येतात. चाळीस वॅट म्हणजे सव्वातीन अँपिअर. ऐंशी वॅट म्हणजे पावणेसात. त्यावर थोडी जागा ठेवून फ्यूज लावा, आणि वीज रिलेमधून (स्विचवरचा भार स्वतःवर घेणारी छोटी डबी) थेट बॅटरीतून घ्या. हेडलाईटची वायर सोलून तिला जोडणारे असतात. माझ्या पहिल्या गाडीला एका दुकानात तसंच करून दिलं होतं. उमरेडहून परतताना स्विचमधून धूर निघाला आणि उरलेले तीस किमी मोबाईलच्या टॉर्चवर एका ट्रकमागून आलो. तेव्हापासून लाईट कुणीही बसवो, रिले आणि फ्यूज मी डोळ्यांनी बघतो.

हिवाळ्यात धुकं आणि धूर एकत्र होतात तेव्हा पिवळा प्रकाश बरा वाटतो. समोरून कुणी येत असेल तर हे लाईट बंदच. गावाकडच्या रस्त्यावर समोरचा सायकलवाला आंधळा होतो आणि खड्ड्यात जातो.

सायलेन्सर?

नको.

आता कारणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाजाची किंवा धुराची मर्यादा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कंपनीतून निघताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. बाजारातले बहुतेक सायलेन्सर तिच्या आसपासही नसतात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. तो भाग काढला की गाडीचा संगणक गोंधळतो आणि पीयूसीला अडचण येते. ताकद वाढते म्हणतात, ती बहुतेक कानाला वाढते. हलका सायलेन्सर लावला की वजन दोन-तीन किलो कमी होतं हे खरं, पण तेवढं लेगगार्ड काढूनही होतं.

शिवाय पांदण रस्त्यावर बैलजोडी समोर असते. फटफट आवाजानं बैल बुजला आणि बंडी धुऱ्यावरून खाली गेली तर चार माणसं काठ्या घेऊन येतील, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

एअर फिल्टर तरी बदलू?

बदलण्यापेक्षा साफ करा, पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर. मुरमाच्या रस्त्यावर चार गाड्यांच्या मागून गेलात तर एका दिवसात फिल्टर विटकरी होतो. धुता येणारे फोमचे फिल्टर चांगले, पण त्यांना धुतल्यावर ठरलेलं तेल लावावंच लागतं. कोरडा फोम धूळ अडवत नाही. जाळीचे "जास्त हवा" देणारे फिल्टर मी टाळतो. जास्त हवेसोबत आपल्याकडे जास्त मातीही येते.

ॲल्युमिनियमच्या पेट्या की कापडी बॅगा?

डांबरावर पेट्या, मातीवर बॅगा. कच्च्या रस्त्यावर तोल जाताना माणूस पाय खाली टाकतो. गाडी पुढे सरकते आणि मागची पेटी पोटरीवर येऊन बसते. कापडी बॅग दबते, पेटी दबत नाही. मागच्या कॅरिअरवर किती किलो चालतं हे पुस्तिकेत असतं, ते पाळा. कॅरिअर तुटतो तो नेहमी वेल्डिंगच्या सांध्यात, आणि नेहमी घरापासून लांब. सामानातलं जड ते खाली आणि पुढे, सीटला टेकून.

मागच्या चाकावरचा साडीगार्ड काढून टाकायची हौस अनेकांना असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्धं चाक झाकणारं संरक्षण, पकडायला हँडल आणि फुटरेस्ट बंधनकारक आहेत. कायदा सोडा, आईला मागे बसवून रामटेकला नेणार असाल तर राहू द्या.

आरटीओचं काय? नेमकं काय चालतं?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. कायद्यात "बदल" म्हणजे गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतला बदल. म्हणजे परवानगीशिवाय इंजिन बदलणं, चेसिस कापणं ही सरळ गुन्ह्याची बाब. कलम १८२अ(४) प्रमाणे प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

हँडगार्ड, बॅशप्लेट, कॅरिअर, त्याच मापाचे टायर अशा बोल्टानं बसणाऱ्या आणि बोल्टानं निघणाऱ्या वस्तूंवरून मला एमएच-३१, ४९ किंवा ४० च्या हद्दीत कुणी अडवलेलं नाही. रंग बदललात तर मात्र आधी आरटीओत कळवा, कारण रंग प्रमाणपत्रावर असतो. नंबरप्लेट वाकवून शेपटाखाली लपवणं, प्रेशर हॉर्न आणि वेडेवाकडे आकडे, यांवर पोलिसांची नजर सगळ्यात आधी जाते. मागच्या मडगार्डचं शेपूट कापण्याआधी प्लेट कुठे बसेल ते ठरवा.

एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज काढून ठेवणं हा असाच एक प्रकार. ज्या गाडीला मागचा एबीएस बंद करायचं बटण कंपनीनंच दिलंय तिथे ते मातीवर जरूर वापरा. फ्यूज काढाल तर परतीच्या ओल्या रस्त्यावर तो परत लावायचं विसराल.

विमा आणि वॉरंटी?

विमा कंपनीला जास्तीच्या वस्तू लेखी कळवा आणि त्यांचा वेगळा हप्ता भरा. न कळवलेल्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत आणि मोठ्या बदलावरून दावा अडकू शकतो. बिलं जपा. वॉरंटीत वायरिंगचा विषय सगळ्यात नाजूक. कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटर हात वर करतं. म्हणून वायर न कापता खटकन बसणारे सॉकेट वापरा.

नागपूरच्या उन्हाचा पार्ट्सवर काय परिणाम होतो?

२३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. ४५ च्या आसपास तर बहुतेक वर्षी असतंच. स्वस्त प्लॅस्टिकचे हँडगार्ड दोन उन्हाळ्यांत पांढरे पडून तडकतात. चिकटपट्टीवर बसणारी कुठलीही वस्तू मे महिन्यात पडते. हँडलवर फोन लावणाऱ्यांनी दुपारी तो खिशात ठेवावा, तापून आपोआप बंद होतो. कंपनांचाही धोका आहे. मोठ्या मोटरसायकलच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याचं नुकसान होऊ शकतं असं ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं. रबरी डॅम्पर असलेला होल्डर घ्या, किंवा जुना फोन नकाशासाठी ठेवा.

पेट्रोलची रबरी नळी बदलत असाल तर इथेनॉल चालणारीच मागा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, साधी नळी फुगते आणि तडकते.

एवढं लावल्यावर पेंचमध्ये, करांडल्यात चालवता येईल?

नाही. व्याघ्र प्रकल्पात आणि अभयारण्यात फिरायला वनखात्यानं परवानगी दिलेली सफारीची वाहनंच जातात. मोटरसायकल अजिबात नाही. जंगलाच्या कडेचे कच्चे रस्तेही विचारल्याशिवाय धरू नका. गावकऱ्यांना विचारा, तेच खरं सांगतात. झिल्पीकडचा भाग, खिंडसीच्या बाजूचे मुरमाचे रस्ते, कोंढाळीच्या टेकड्यांतल्या गावरस्त्यांवर पुष्कळ मजा आहे. पेरणी झालेल्या वावरात चाक घालायचं नाही, एवढं पाळा.

आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. दर महिन्याला कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच.

काम कुठे करून घ्यावं?

बोल्टाचं काम घरीच करा. पाना फिरवायला शिकलात तर जंगलात उपयोगी पडेल. ब्रॅकेट, स्पेसर, साइड स्टँडच्या पायाला जाड चकती असल्या कामांना हिंगणा एमआयडीसीकडचे लेथवाले आणि फॅब्रिकेशनवाले चांगले. कागदावर माप काढून न्या आणि जुना पार्ट सोबत ठेवा. स्टँडखालची ती रुंद चकती जरूर करून घ्या. नाहीतर काळ्या मातीत स्टँड रुततो आणि तुम्ही फोटो काढत असताना गाडी हळूच आडवी होते. ब्रेक, फोर्कच्या आतलं काम आणि सळ्या ताणणं मात्र माहीतगारालाच द्या. सळ्या बांधणारे जुने कारागीर आता कमी राहिलेत. चांगला सापडला तर त्याला धरून ठेवा.

विकताना हे सगळं लावलेलं असेल तर भाव जास्त येतो?

नाही येत. घेणारा "खूप आपटली असेल" असंच म्हणतो. काढलेले मूळ पार्ट पोत्यात भरून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा. विकताना गाडी मूळ रूपात आणा आणि सामान वेगळं विका. हिमालयन विकली तेव्हा माझं सगळं सापडलं, फक्त साइड स्टँडची मूळ स्प्रिंग तेवढी कुठे गेली कळलं नाही. घेणाऱ्यानं त्यापायी पाचशे रुपये कमी केले.